केयूरची दुपारची झोप

मारुंजीच्या त्या सोसायटीत सलिलचं नाव चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे त्याला ठाऊकही होतं. पोराला कडेवर घेऊन तो सकाळी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवी, पार्सल घ्यायला खाली जाई, तेव्हा लिफ्टमधल्या बायका आपसात बोलल्यासारखं करून त्याला ऐकू जाईल असं म्हणत, "बाप असावा तर असा." शेजारच्या जास्मिननं तर एकदा त्याच्यासमोरच आपल्या नवऱ्याला सुनावलं होतं, "शहेबाज, बघ. सलिलभाई मीटिंग करता करता लंगोट बदलतात. तुला पोरांची इयत्ता तरी सांगता येईल का?" शहेबाज हसला होता, सलिलही हसला होता. मीटिंग करता करता लंगोट त्यानं एकदाच बदलला होता, तोही कॅमेरा बंद करून. पण त्या एका लंगोटावर त्याची कीर्ती सगळ्या मजल्यांवर पोचली होती आणि ती खोडून काढावी असं त्याला काही वाटलं नव्हतं.

घरात कोण राहणार आणि कामावर कोण जाणार, हा हिशेब त्याच्या आणि ऋचाच्या संसारात उलटा बसला होता. ऋचा चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. गाड्यांचे सुटे भाग. ते हातात घेऊन, मापून, उजेडात धरून बघावे लागतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बघता येत नाहीत. तिची बाळंतपणाची रजा संपली आणि कंपनीची बस पुन्हा सुरू झाली. सलिल हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्यानं आपल्या मॅनेजरला, जयदीपला, स्वतःहून विचारलं होतं की वर्षभर पूर्ण वेळ घरून काम केलं तर चालेल का. जयदीप म्हणाला होता, "काम दिसलं पाहिजे राव. मग तू घरून कर नाहीतर गच्चीवरून कर."

म्हणजे पोराला बाप सांभाळणार. हे सलिलनं सगळ्यांना सांगितलं. सासुरवाडीला सांगितलं, कॉलेजच्या ग्रुपवर सांगितलं. त्याची आई शैला निगडीहून येऊन राहिली होती, ते 'फक्त हाताखाली'. तिकडे सलिलचे वडील, सदाशिवअण्णा, एकटेच खिचडी लावून खात आणि फोनवर विचारत, "मोहरी कुठल्या डब्यात?"

आतल्या खोलीत सलिलनं टेबल मांडलं. दार लावलेलं असलं की कॉल चालू आहे असं समजायचं, एवढंच त्यानं आईला सांगितलं. बाकीचं तिनं स्वतःच केलं. कुकर सकाळीच होऊ लागला. मिक्सर ऋचा बसला जायच्या आत फिरू लागला. दाराच्या बेलचं बटण तिनं बंद करून टाकलं आणि दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला कडी हलकेच वाजवायला शिकवलं. ताटल्या घासून ठेवताना मध्ये फडकं घालायची. घरात चालायची तर अनवाणी, आणि तेही भिंतीच्या कडेनं. सलिल कधी पाणी प्यायला बाहेर आला की त्याला वाटे, घरात कुणी नाहीच. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आई निवडत बसलेली दिसे.

"कसं गं जमतं तुला हे?" त्यानं एकदा विचारलं.

"सवय आहे," ती म्हणाली.

कसली सवय, ते त्यानं विचारलं नाही. त्याचा कॉल सुरू होत होता.

केयूर तेव्हा नुकताच बसायला लागला होता. उष्टावण झालं होतं, नाचणीचं सत्त्व सुरू झालं होतं. सकाळी ऋचाची बस गेली की तो थोडा कुरकुर करी, आजीजवळ जाई, आंघोळ होई, सहाणेवर गुटी उगाळली जाई. आणि मग तो झोपे. क्लायंट इंग्लंडचा, त्यामुळे सलिलच्या कामाची गर्दी दुपारची. आणि नेमकी तीच पोराची झोपेची वेळ. सलिल हे नशीब समजत होता. बाकीच्यांच्या कॉलवर कुणाचं पोर किंचाळे, कुणाची सासू मागून जाई, कुणाचा कुत्रा भुंके. सलिलच्या मागे शांतता.

"तुझं पोरगं आहे का खेळणं, राव?" जयदीपनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं. "सेल काढून ठेवतोस की काय?"

"गुणी आहे," सलिल म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होताच.

शनिवार-रविवारी मात्र हेच पोर दुपारी डोळ्याला डोळा लागू देत नसे. ऋचा त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरे, पाळणा हलवून हलवून तिचे हात दुखत, आणि तो टक्क उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत राही. "आठवडाभर मी दिसत नाही ना, म्हणून सुट्टीला झोपायला तयार नसतो," ती म्हणे. हे म्हणताना तिला वाईटही वाटे आणि बरंही वाटे. सलिललाही ते पटलं होतं.

ते सगळं एका गुरुवारी मोडलं.

त्या दिवशी क्लायंटपुढे डेमो होता. सहा महिन्यांचं काम दाखवायचं होतं, आणि दाखवणार सलिल होता. केयूर सकाळपासून चिडचिडा होता. खालच्या हिरड्या सुजल्या होत्या, लाळ गळत होती. रोजच्या वेळेला झोपला खरा, पण अर्ध्या तासात रडत उठला, आणि असा रडू लागला की सलिलच्या कानातल्या हेडफोनलाही ते पुरून उरलं. पडद्यावर जयदीपचा चेहरा वैतागलेला दिसला. सलिलनं माइक बंद केला, दार उघडलं. आई पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती, पाठ थोपटत होती.

"आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काहीही कर, पण तासभर याला झोपव. जयदीप आहे कॉलवर, क्लायंट आहे. काहीही कर."

"बरं," आई म्हणाली.

त्यानं दार लावलं. थोड्या वेळानं रडणं कुरकुरीवर आलं, मग थांबलं. डेमो झाला. चांगला झाला. क्लायंटच्या बाजूची ती कधीच न हसणारी बाईसुद्धा शेवटी 'लव्हली' म्हणाली. जयदीपनं नंतर वेगळा फोन करून सांगितलं, "भावा, आज तू वाचवलंस."

सलिल बाहेर आला तो हात वर करून आळस देत. आईनं चहा टाकला होता. दोघांनी चहा घेतला. आई म्हणाली, "झालं का नीट?" तो म्हणाला, "एकदम." मग त्याला वाटलं, पोराला उचलावं. कुणाला तरी कडेवर घेऊन नाचावं असा तो क्षण होता, आणि घरात त्या मापाचं दुसरं कुणी नव्हतं.

पाळण्यात केयूर एका कुशीवर झोपला होता. गाल लाल. "ए, उठ रे लबाडा," म्हणत सलिलनं त्याला बगलेत हात घालून उचललं, आणि पोराची मान मागे गेली. ती झोपलेल्या पोराची जाते तशी गेली नाही. धरलेला हात सुटावा तशी ती एकदम गेली. सलिलनं घाईघाईनं डोक्यामागे पंजा लावला. "केयूर," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला. गालावर टिचकी मारली, तळपाय चोळला. पोराच्या पापण्या अर्ध्या उघडल्या. आत बुबुळ होतं, पण ते कुणाकडे बघत नव्हतं. पापण्या पुन्हा मिटल्या. श्वास चालू होता. अंग कढत होतं आणि ओठ कोरडे होते.

"आई, हा उठत नाही."

"झोपेत आहे रे." पण तीही तोवर जवळ आली होती. तिनं पदराचं टोक पाण्यात बुडवून त्याच्या डोळ्यांवरून फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. मग ती खाली बसली. खुर्चीवर नव्हे, होती तिथेच फरशीवर बसली.

दार उघडं टाकून सलिल लिफ्टकडे धावला तेव्हा त्याच्या पायात काही नव्हतं. जास्मिन किराणा घेऊन वर येत होती. तिनं पोराकडे बघितलं, सलिलच्या हाताकडे बघितलं, पिशव्या तिथंच ठेवल्या आणि म्हणाली, "चावी द्या. मी चालवते. अम्मांना घ्या बरोबर." वाकडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, फक्त हॉर्न वाजवत राहिली. सलिलनं गाडीतून ऋचाला फोन लावला. मागे यंत्रांचा आवाज येत होता. "केयूर उठत नाही," एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याला सांगता येईना, कारण पुढचं त्याला माहीतच नव्हतं. "निघाले," ऋचा म्हणाली आणि फोन बंद झाला.

लहान मुलांच्या डॉक्टर विजयश्रीबाई मध्यम वयाच्या, भराभर बोलणाऱ्या होत्या. पोराला टेबलावर घेऊन त्यांनी बोटाला मशीन लावलं, बुबुळात उजेड टाकला, छाती ऐकली, नर्सला सलाइन लावायला सांगितलं आणि हात चालू असतानाच विचारलं, "दिवसा बाळ कुणाजवळ असतं?"

"माझ्याजवळ," सलिल म्हणाला. "मी घरूनच काम करतो."

"चांगलं आहे. शेवटचं दूध कधी घेतलं?"

सलिलनं आईकडे बघितलं.

"किती घेतलं? रोजच्याइतकं की कमी?"

त्यानं पुन्हा आईकडे बघितलं.

"शू झाली का दुपारपासून? शी कधी झाली? दुपारी एरवी किती वेळ झोपतो?"

"झोपतो," सलिल म्हणाला. "बराच वेळ झोपतो."

"आणि उठल्यावर? खेळतो, ओळखतो, पालथा पडतो? कालपर्यंत दुपारी नीट जागा असायचा ना?"

दुपारी जागा असलेला केयूर सलिलला डोळ्यांपुढे आणता येईना. सकाळचा आणता येत होता, रात्रीचा येत होता, फोटोतला तर येतच होता. दुपारचा नव्हता. एका भिंतीपलीकडे तो रोज होता, आणि बापाला त्याच्याबद्दल काहीही सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही घरीच असता ना?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच कळेना.

मग त्यांनी पुढचा प्रश्न शैलाला विचारला. "आजी, घरचं काही देता? गुटी वगैरे?"

"गुटी देते," शैला म्हणाली. आणि थोडं थांबून, "जायफळ देते."

"गुटीतलं?"

"गुटीत एखादाच वेढा असतो. मी जास्त देते. झोपेसाठी. सकाळी दिलं होतं, मग उठला म्हणून परत दिलं. आज जास्त उगाळलं."

सलिलला वाटलं, आपण कुठल्या तरी दुसऱ्या घरातलं बोलणं ऐकतो आहोत. जायफळ म्हणजे त्याला श्रीखंड आठवत होतं, पुरणपोळी आठवत होती. त्यानं आईच्या तोंडाकडे बघितलं. ते नेहमीचंच होतं. कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू, कानाशी आलेली पांढरी बट. त्या चेहऱ्याच्या बाईनं त्याच्या पोराला रोज गुंगीचं औषध दिलं होतं, आणि मग त्याला चहा करून दिला होता.

"जायफळ जास्त झालं की मोठ्या माणसालाही चढतं, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "हे तर एवढंसं पोर." पण त्यांचा आवाज जरा सैल झाला होता, काय झालंय ते आता त्यांना कळलं होतं. "उतरायला वेळ लागेल. ठोके बघत राहू. तुम्ही बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर माय-लेक बसले. मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. "आई, तू हे..." सलिलनं सुरुवात केली, आणि वाक्य कुठे न्यावं ते त्याला समजेना. आई दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. जास्मिन कुठून तरी सलिलसाठी स्लिपर घेऊन आली, त्याच्या पायांपुढे ठेवल्या आणि निघून गेली.

सदाशिवअण्णा निगडीहून रिक्षानं आले. "काय झालं पोराला?" त्यांनी विचारलं. कुणी नीट उत्तर देईना तेव्हा ते काचेतून आत बघून आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. ऋचाला मोशीच्या पुढे रस्ता तुंबलेला लागला. ती कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आली. अंगावर कंपनीचा करडा शर्ट, पायात जड सेफ्टी शूज. तशीच ती आत गेली. डॉक्टरांशी बोलली. पोराच्या कपाळाला ओठ लावून उभी राहिली असावी, कारण बराच वेळ काचेतून तिची पाठ फक्त दिसत होती. मग बाहेर आली आणि माय-लेकाच्या मधल्या रिकाम्या जागेत बसली.

सलिलला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ऋचाचा आवाज कंपनीतून फोनवर येई तसा होता. लाइनवर माल बिघडला की ती याच आवाजात माणसांशी बोलत असे. कोण चुकलं ते तिथे आधी विचारत नाहीत; का झालं ते विचारतात, आणि जे उत्तर येईल त्याला पुन्हा का विचारतात.

"आई, जायफळ का दिलंत?"

"रडत होता गं. हिरड्या सुजल्यात."

"एरवी रडला तर तुम्ही घेऊन फिरता."

"फिरले. ऐकेना."

"नसता ऐकला, रडला असता अजून तासभर. मग काय झालं असतं?"

शैलानं सलिलकडे बघितलं.

"त्याच्याकडे नका बघू. मला सांगा."

"त्याची मीटिंग होती," शैला म्हणाली.

"आजच दिलंत, की रोज देता?"

"रोज. थोडं थोडं. शनिवार-रविवारी नाही."

"तेव्हा का नाही?"

"तेव्हा त्याचं काम नसतं ना."

सलिलनं डोळे मिटून घेतले. दर शनिवारी खांद्यावर पोर घेऊन घरभर फिरणारी ऋचा, आणि तिनं स्वतःची काढलेली समजूत. ती आता तेच आठवते आहे हे त्याला तिच्याकडे न बघताही कळलं.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी, आई?" तिनं विचारलं. आता आवाज थोडा हलला होता.

"शिकवायचं काय त्यात. आमच्या चाळीच्या लाइनीतल्या सगळ्याच जणी करायच्या." शैला आता ऋचाशी बोलत होती, दुसरं कुणी तिथे नसल्यासारखी. "आकुर्डीला आम्ही एका खोलीत होतो. हे थर्ड शिफ्ट करून सकाळी यायचे आणि झोपायचे. एकच खोली. तिथंच स्टोव्ह, तिथंच पोर. पोर रडलं की हे जागे. आणि झोप न होता रात्री परत कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर उभं राहायचं. शेजारच्या ज्योतीरामभाऊंची दोन बोटं तशीच गेली, डुलकी लागली म्हणून. त्यांची बायको मला म्हणाली, पोराला दिवसा झोपव बाई, नाहीतर नवऱ्याचा हात जाईल. जायफळ तिनंच आणून दिलं. तिसरी शिफ्ट आली की द्यायचं, पहिली-दुसरी असली की नाही द्यायचं."

"कुणाला द्यायचीस?" हे सदाशिवअण्णा होते. भिंतीपासून ते पुढे आले होते.

"कुणाला म्हणजे? सलिललाच. दुसरं होतं कोण?"

सलिलनं अण्णांकडे बघितलं.

हा माणूस प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला एक गोष्ट सांगायचा: आमचा सलिल इतका गुणी, मी थर्ड शिफ्ट करून झोपलो की पोरानं कधी हूं का चूं केलं नाही, बापाचे कष्ट त्याला पाळण्यात कळत होते. सलिलच्या लग्नात त्यांनी ती माइकवरून सांगितली होती.

"मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही झोपलेले असायचात," शैला म्हणाली.

एक बाई आपल्या पोराला नेब्युलायझर लावायला घेऊन गेली. ऋचानं बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग सलिलकडे वळली.

"तू काय म्हणालास आज आईंना?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं, हे त्याला स्वतःपासून लपवता आलं नसतं. 'तासभर शांत ठेव म्हणालो' हेही खोटं नव्हतं. आईनं त्याला उघडं पाडलं नव्हतं आणि ती पाडणारही नव्हती. ती आयुष्यभर भिंतीच्या कडेनं चालत आली होती.

"काहीही कर म्हणालो. झोपव म्हणालो."

"काहीही?"

"दोनदा म्हणालो."

ऋचानं मान हलवली. समजलं, एवढाच त्याचा अर्थ होता. आणि ती उठून आत पोराजवळ गेली.

बाहेर दिवे लागले तेव्हा केयूर रडला. आधी मांजरासारखा, मग नीट, घसा फोडून, सलाइनचा हात झाडत. नर्स हसत बाहेर आली, "या, रागावलाय तुमचा राजा." सलिल उठून आत गेला. आत ऋचाच्या खांद्यावर पोर लालबुंद होऊन ओरडत होतं, आणि ती त्याला थोपटत नव्हती, गप्प करत नव्हती. नुसती धरून उभी होती.

रात्रभर देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. घरी आल्या आल्या शैलानं आपली कापडी बॅग काढली आणि दोरीवरची लुगडी घडी करायला घेतली. अण्णा दारात चपला घालूनच उभे होते. कुणी कुणाला जा म्हटलं नव्हतं, पण ती जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सलिलनंही धरलं होतं. त्यानं मनातल्या मनात आठवड्याची मांडणीसुद्धा केली होती. सकाळी एखादी बाई ठेवायची, दुपारी आपण कॉल कमी घ्यायचे, जयदीपशी बोलायचं. आता खरोखरच बाप सांभाळेल.

"आई, बॅग आत ठेवा," ऋचा म्हणाली. ती स्वयंपाकघरात सहाण धूत होती. जायफळ तिनं आधीच कचऱ्यात टाकलं होतं. "तुम्ही कुठे जायचं नाही. मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोराच्या तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा मला विचारून."

शैला घडी हातात धरून थांबली. "तुला भीती नाही वाटणार?"

"वाटणार. पण तुम्ही हे पोराला त्रास द्यायला नाही केलं. कुणाची तरी झोप राखायची म्हणून केलं. या घरात आता दुपारी कुणाचं काही राखायचं नाही." मग तिनं हात पुसले. "सलिल, तू सोमवारपासून ऑफिसला जा."

"मी?" त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अगं, मी घरी आहे म्हणून तर..."

"हो. तू घरी आहेस म्हणून."

"ऋचा, मी दुपारचे कॉल सोडतो. दार उघडं ठेवतो. मी..."

"दार उघडं ठेवलंस तरी आई भिंतीच्या कडेनंच चालणार. तू या घरात लॅपटॉप उघडलास की त्यांना कारखाना दिसतो." ती थांबली. पुढचं बोलू की नको, असा विचार केल्यासारखी. "आणि अण्णांचा हात प्रेसखाली होता, सलिल. तुझा माऊसवर होता."

दारातल्या अण्णांनी मान खाली घातली. आपल्याला वाचवलं गेलं, याचीही माणसाला लाज वाटते, हे सलिलनं त्या दिवशी वडिलांच्या चेहऱ्यावर बघितलं. त्याला स्वतःला तर कुठे तोंड लपवावं ते कळेना. इतके दिवस तो ज्याला मदत समजत होता, ती मदत तो घरातून उठून गेल्यावर सुरू होणार होती.

अण्णा त्या दिवशी परत गेले नाहीत. दुपारी जेवणं झाली. ऋचानं रजा टाकली होती. ती आणि शैला आत लवंडल्या. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर केयूर जागा होता, टक्क जागा. सलिल त्याच्यासमोर मांडी घालून बसला. पोरानं आधी स्वतःचा पाय धरला, तोंडात घालायला बघितला, जमला नाही. मग ते पालथं पडलं, पोटावर गोल फिरलं, फरशीवर पडलेल्या खिडकीच्या उन्हाकडे हात नेला आणि ऊन मुठीत येईना म्हणून चिडलं. पुन्हा हात नेला. तोंडानं एक आवाज काढला, ब आणि म यांच्या मधला. हा आवाज त्याला येतो हे सलिलला माहीत नव्हतं.

अण्णा खुर्चीत बसून बघत होते. त्यांना दुपारी झोपायची जुनी सवय होती. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नव्हती. आज ते बसूनच होते.

"झोपा ना अण्णा," सलिल म्हणाला.

"नको."

पोरानं पुन्हा उन्हावर हात मारला.

"तू काय करायचास रे दुपारी? एवढा असताना?" अण्णांनी विचारलं.

"मला कसं आठवेल, अण्णा?"

"ते खरं," अण्णा म्हणाले. "मी आठवायला बघतोय. मला काहीच आठवत नाही."

केयूरच्या हिरड्या पुन्हा दुखायला लागल्या असाव्यात. त्यानं ओठ काढले, बापाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि भोकाड पसरलं. अण्णा दचकले, त्यांचा हात आपोआप वर गेला, बायकोला हाक मारायला. मग त्यांनी तो हात खाली घेतला, खुर्चीतून उठले, गुडघे धरत सतरंजीवर बसले, आणि रडणाऱ्या पोराच्या जवळ सरकले.